मिशांचं इंजिनिअरिंग

गेल्या महिन्यात सुट्टी जोडून तीन दिवस घरी जाऊन आलो. पुणे ते नागपूर रात्रीची ट्रेन आणि पुढे लाल डब्बा. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी. ब्रह्मपुरी सुटली की वैनगंगेचा पूल लागतो, आणि पूल संपला की गडचिरोली जिल्हा सुरू. हापिसात कुणाला "मी गडचिरोलीचा" असं सांगितलं की पहिला प्रश्न नक्षलवाद्यांचा असतो, दुसरा वाघांचा. (वाघाचा प्रश्न खरं तर चंद्रपूरकरांसाठी राखून ठेवायला हवा, ताडोबा त्यांचा. पण चालायचंच.) पतंगांबद्दल आजवर एकानेही विचारलेलं नाही, म्हणून आज मीच सांगतो.

आरमोरीच्या आसपास, म्हणजे आमच्याकडे, टसर रेशीम होतं. आम्ही त्याला कोसा म्हणतो. तुतीच्या पाल्यावर घरात वाढवायचं ते रेशीम वेगळं. हा किडा जंगलात, ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडावर वाढतो, आणि राखणारा माणूस झाडाखाली बसून कावळे, मुंग्या आणि गांधीलमाशा हाकलत राहतो. हे काम पिढ्यान्‌पिढ्या बहुतेक ढिवर समाजाच्या घरांत आहे. माझा शाळेतला एक मित्र त्याच घरातला. त्याचे वडील, म्हणजे आमचे काकाजी, अजूनही हंगाम धरतात.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. पहिला पाऊस पडून गेला होता, लाईट गेलेले. आतल्या खोलीत आड्याला बियाण्याच्या कोषांच्या माळा टांगलेल्या, कांद्याच्या माळा टांगतात ना, तशा. कोष फोडून पतंग बाहेर यायला अंधार पडतानाची वेळ लागते. बसून दहा मिनिटं झाली नाहीत तोच डासांनी पायांची चाळण केली. मी शहाणपणा करून पिशवीतून डासांची कॉईल काढली आणि काडी ओढणार एवढ्यात काकाजी ओरडले.

"नोको लावू बाबू ते! पाखरं फडफडू फडफडू मरतेत."

मुकाट्याने कॉईल परत ठेवली. मग वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "पाखरायचं पाहा तुमी. पोरगी मरते त्याचं कोणी पाहू नका."

वातावरण एकदम तापलं. नंतर मित्राकडून कळलं ते असं. त्याच्या चार वर्षांच्या मुलीला मागच्या पावसाळ्यात मलेरिया झाला होता. महाराष्ट्रात मलेरियाचा सगळ्यात जास्त त्रास आमच्याच जिल्ह्याला आहे, हे सांगायला नको. आता दोन दिवसांनी घरांच्या भिंतींवर औषध फवारणारी माणसं गावात येणार होती. वहिनींना घर फवारून हवं होतं. काकाजींना नको होतं, कारण फवारलेल्या भिंतीच्या खोलीत वर्षाचं बियाणं टांगलेलं. डासांसाठी वापरतात ती पायरेथ्रॉइड जातीची औषधं रेशमाच्या किड्याला फार घातक असतात, हे काकाजींना कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक आहे.

दोघांचंही बरोबर. अशा वेळी पाहुण्याने काय करायचं? मी बॅटरी घेतली आणि पतंग बघत बसलो.

आणि बघतच राहिलो. लहानपणी शंभरदा पाहिलेली गोष्ट, पण तेव्हा नुसतं "पाखरू" म्हणून पाहिलेली. नर तांबूस-तपकिरी, चारी पंखांवर काचेच्या टिकलीसारखा एकेक डोळा. आणि डोक्यावर दोन मिशा. शिंदीची झावळी छोटी करून डोक्याला लावावी तशा. मधे एक दांडा, दांड्याच्या दोन्ही बाजूंना दात, आणि नीट पाहिलं तर दातांवर आणखी बारीक केस. मादी मोठी, पिवळसर, अंड्यांनी पोट जड झालेली. तिच्या मिशा मात्र अरुंद, कंगवा वापरून वापरून झिजावा तशा.

मराठी पुस्तकात याला शृंगिका म्हणतात, काही ठिकाणी स्पर्शिका. शृंगिका म्हणजे छोटं शिंग. पण हे ढकलायला किंवा लढायला नाही. स्पर्शिका म्हणावं तर पतंगाची मिशी कशालाच स्पर्श करत नाही. अँटेना म्हणावं तर तो शब्द लॅटिनमध्ये शिडाच्या आडव्या काठीचा, आणि तो रेडिओवाल्यांच्या आधी किड्यांनाच लागलेला. त्यापेक्षा आमच्याकडचा "मिशा" हाच शब्द बरा. नसती फुशारकी नाही त्यात.

आता जरा त्या नराचा विचार करा. टसरच्या पतंगाला खायला तोंडच नसतं म्हटलं तरी चालेल, असतं ते निकामी. अळी असताना जे खाल्लं त्या शिल्लकीवर आठवडाभर काढायचा. तेवढ्या दिवसांत, रात्रीच्या काळोखात, जंगलात कुठेतरी एका फांदीला चिकटून बसलेली मादी शोधायची. मादी आवाज करत नाही, चमकत नाही. पोटाच्या टोकाची ग्रंथी बाहेर काढून ती वाऱ्यावर वास सोडते, आणि तोही इतका थोडा की आपल्या नाकाला पत्ताच लागत नाही. हे झालं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट. डिझाईन काय कराल?

माझ्यासारखा माणूस म्हणेल, सोप्पं आहे. वास पकडणारे केस जितके जास्त तितकं बरं, भरा दाट. इथेच गोची होते. केसाच्या जाडीच्या मापाला हवा ही हवा राहत नाही, काकवी होते. म्हणजे हवा तीच, पण इतक्या बारीक वस्तूभोवती वाहताना तिचा चिकटपणा वरचढ ठरतो. प्रत्येक केसाभोवती हवेचा एक थर चिकटून बसतो. केस दाट लावले तर हे थर एकमेकांना भिडतात आणि चाळणीचं होतं सूप. हवा मधून न जाता बाजूने वळसा घालून निघून जाते, आणि वासही तिच्याबरोबर. विरळ लावले तर हवा मस्त आरपार जाते, पण वासाचे रेणूही कुणाला न धडकता आरपार जातात. म्हणजे मधलं काहीतरी काढायला लागतं. स्टीव्हन व्होगेल या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये टसरच्याच कुळातल्या एका पतंगाच्या मिशीतून किती हवा जाते ते मोजलं होतं. समोरून येणाऱ्या हवेचा पाचवा हिस्साही आत शिरत नाही.

पाचवा हिस्सासुद्धा नाही! आपल्या टीमने असला फिल्टर बनवला असता तर रिव्ह्यूमध्ये कपडे उतरवले असते. पण जी हवा आत शिरते ती इतकी संथ सरकते की तिच्यातले रेणू इकडेतिकडे थरथरत कुठल्यातरी केसाला लागतातच. निम्मं काम हवेच्या वाहण्याने होतं आणि निम्मं रेणूंच्या थरथरण्याने. म्हणून मला "निसर्गाची परफेक्ट रचना" असले फॉरवर्ड आले की वैताग येतो. परफेक्ट वगैरे काही नाही. ही घासाघीस करून ठरवलेली तडजोड आहे आणि तिचं सौंदर्य असलंच तर त्या घासाघिशीत आहे. मादीला ही झावळी का नाही? कारण तिला ती परवडत नाही आणि लागतही नाही. उडताना वारा अडवणारा एवढा पसारा डोक्यावर वागवण्यापेक्षा तो खर्च तिने अंड्यांवर केलाय. तिला ऐनाचं पान ओळखता आलं की झालं.

रेणू केसाला चिकटल्यानंतरचं प्रकरण तर आणखी भारी. केसाला अतिसूक्ष्म छिद्रं असतात. आत पाणचट द्रव, आणि वासाचा रेणू तेलकट, म्हणजे तो आत विरघळायला तयार नाही. तेव्हा द्रवातलं एक प्रथिन त्याला कडेवर घेऊन मज्जातंतूपर्यंत पोचवतं. हे प्रथिन १९८१ मध्ये पहिल्यांदा सापडलं ते टसरच्या अमेरिकेतल्या चुलतभावात, एकाच प्रजातीगटातल्या पतंगात. शिवाय काम झालं की रेणू तोडून टाकणारं विकरही तिथेच हजर असतं. त्याच्याशिवाय जुना वास साचून राहिला असता आणि पतंगाला मादी आत्ता समोर आहे की मघाशी होती ते कळलं नसतं. बफर साफ करणं म्हणजे काय ते आम्हाला दोन आऊटेजनंतर कळतं. असो.

हा वासाचा प्रकार आहे हे माणसाला कळायलाही वेळ लागला. फ्रान्सच्या फाब्रने याच कुळातली एक मादी जाळीच्या पिंजऱ्यात ठेवली, तर त्या रात्री चाळीसेक नर घरात शिरले. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली की एकही येईना. १९५७ मध्ये डीट्रिच श्नायडरने पतंगाच्या मिशीला तारा जोडून तिचा विद्युत संदेश मोजून दाखवला. आणि १९५९ मध्ये बुटेनांटने तुतीच्या रेशमाच्या सुमारे पाच लाख माद्यांपासून तो वास वेगळा काढला. वीस वर्षांचं काम, हाती आले काही मिलिग्रॅम. मॅनेजरला हे एकदा सांगायला हवं.

हे सगळं मी बॅटरीच्या उजेडात मित्राला सांगत होतो आणि तो एका हाताने डास मारत होता. त्यावरून आठवलं. त्याच खोलीत, त्याच वेळी, दुसरी एक मिशी काम करत होती.

नर डासालाही झुपकेदार मिशा असतात. वरवर पाहिलं तर पतंगासारख्याच. पण ते केस वासाचे नव्हेत, आवाजाचे. आपला कान हवेचा दाब मोजतो, त्याला पडदा लागतो. डासाची मिशी हवेची हालचाल मोजते, त्यासाठी लांब, हलके, हवेबरोबर डोलणारे केस हवेत. केस डोलले की मिशीचा दांडा हलतो, आणि दांड्याच्या बुडाशी वाटीसारखा फुगलेला जो दुसरा सांधा असतो त्यात हालचाल टिपणारे हजारो तंतू बसवलेले असतात. ख्रिस्तोफर जॉन्स्टन या अमेरिकन डॉक्टरने १८५५ मध्ये याचं वर्णन केलं म्हणून त्याला जॉन्स्टनचं इंद्रिय म्हणतात. डेंग्यूवाल्या एडिस डासाच्या नरात एका मिशीच्या बुडाशी असे साधारण १५ हजार तंतू असतात. सगळा खटाटोप कशासाठी, तर मादीच्या पंखांचा गुणगुणाट ऐकण्यासाठी. मलेरियावाल्या अ‍ॅनॉफेलिसमध्ये तर काही जातींचे नर दिवसभर हे केस मिटून ठेवतात आणि थवे जमायच्या वेळी, संध्याकाळी, ताठ उभे करतात.

नर चावत नाही. चावते ती मादी, आणि तिच्या मिशा साध्या, विरळ केसांच्या. त्या मिशांनी ती आपल्या घामाचा वास घेते. श्वासातला कार्बन डायऑक्साईड ओळखायला तोंडाजवळ वेगळी जोडी आहे. म्हणजे एकाच खोलीत पतंगाचा नर मादीला हुंगतोय, डासाचा नर मादीला ऐकतोय आणि डासाची मादी आम्हाला हुंगतेय. तीनही मिशांचा सांगाडा तोच: बुडाचा सांधा, मधली वाटी, पुढे लांब दांडा. फरक आहे तो त्यांना पडलेल्या प्रश्नात.

पतंगाच्या बुडाशीही तीच वाटी आहे बरं का, आणि ती रिकामी बसलेली नाही. संजय साने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की रात्री फुलांवर घिरट्या घालणाऱ्या एका पतंगाच्या मिशा कापल्या तर त्याचा तोल जातो. तो आदळतो, मागे मागे जातो. कापलेली मिशी पुन्हा डिंकाने चिकटवली की बऱ्यापैकी नीट उडतो! चिकटवलेली मिशी वास घेऊ शकत नाही, तिच्या नसा तुटलेल्या. पण तिचं वजन बुडाच्या सांध्यावर परत येतं, आणि वळताना ते किंचित हेलकावतं, तेवढंच पुरतं. तुमच्या मोबाईलमधल्या जायरोस्कोपचं तत्त्व तेच, थरथरणारं वजन. साने पुढे बेंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये आले.

आणि पुण्यातल्या माझ्या फ्लॅटमधलं झुरळ. त्याची मिशी बुडाशी कडक आणि टोकाकडे मऊ होत जाते, त्यामुळे भिंतीला घासताना मोडत नाही, वाकते. कुठे वाकली यावरून भिंत किती लांब ते कळतं. टोकाजवळचे बारीक केस भिंतीच्या खरबरीतपणात अडकतात आणि मिशी मागे वळलेली राहते. २००६ मध्ये कोवन, ली आणि फुल या तिघांनी गणित मांडलं की भिंतीच्या कडेने सुसाट धावणाऱ्या झुरळाला नुसतं अंतर कळून भागत नाही, अंतर किती वेगाने बदलतंय तेही लागतं. म्हणजे पीडी कंट्रोलर. ज्या विषयात माझी एटीकेटी लागली होती तो झुरळाला पहिल्या फटक्यात सुटलाय. चप्पल मारायचा धीर होत नाही त्यानंतर. (मारतो. पण क्षणभर थांबून.)

आता मुद्द्यावर येतो, कारण हे सगळं नुसतं गंमत म्हणून सांगायचं नव्हतं.

मिशी एकच प्रश्न विचारते. बाकी सगळी दुनिया ती गाळून टाकते. आपलं औषध मात्र काहीच विचारत नाही. कॉईल, फवारणी, कपाशीवरचा पंप, सगळ्यांचा एकच न्याय: किडा आहे ना, मग मर. आणि पुष्कळदा माणूसही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने विदर्भाची कपाशी खाल्ली, चंद्रपूरकडच्या वरोरा-राजुऱ्याच्या पट्ट्यातही पीक कपाशीचंच. त्या बोंडअळीच्या पतंगालाही मिशा आहेत. त्याच्या मादीचा वास १९७३ मध्ये ओळखला गेलाय, दोन जवळजवळ सारख्या रेणूंचं अर्धं-अर्धं मिश्रण. कृषी केंद्रात त्याच्या गोळ्या मिळतात, कामगंध सापळे म्हणतात त्यांना. हेक्टरी पाच सापळे लावायचे, आणि सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग पडले तरच फवारायचं, असा साधा हिशोब आहे. म्हणजे पतंगाची मिशीच तुम्हाला सांगते की आज पंप पाठीवर घ्यायचा की नाही.

मग ते चालत का नाही? चालतं. पण मी माझ्याच मामाच्या शेतात पाहिलंय, सापळा लावला जूनमध्ये आणि दिवाळीपर्यंत गोळी तीच. कपाशी वर निघून गेली, सापळा खाली पानांत बुडाला. गोळीतला वास महिन्याभरात उडून जातो हे त्याला कुणी नीट सांगितलेलं नाही. औषधाच्या बाटलीमागे दुकानदार, एजंट, भिंतीवरची जाहिरात. पन्नास-शंभर रुपयांच्या गोळीमागे कोण उभं राहणार? आम्ही शहरात बसून "बायोमिमिक्री"वरची व्याख्यानं ऐकतो, झुरळासारखा रोबो बघून टाळ्या वाजवतो. मला रोबोचं कौतुक आहेच. पण मिशीबद्दल जे कळलं त्याचा सगळ्यात मोलाचा उपयोग ही ती गोळी आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ती वेळेवर बदला अशी आठवण करून देणारा साधा एसेमेस हे आपल्यासारख्यांचं काम आहे. एका संध्याकाळचा कोड आहे हो तो.

कुणी म्हणेल, मग डासांनाही सापळा लावा. तिथे गाडं अडतं. आपल्याला चावणारी मादी नराला शोधत नसते, ती आपल्याला शोधत असते. तिच्या कुलपाची किल्ली म्हणजे आपणच, झोपलेली पोरगी. तिथे मच्छरदाणी हवी आणि भिंतीवर औषधही हवं. त्या बाबतीत मी पूर्णपणे वहिनींच्या बाजूचा. चार वर्षांच्या मुलीसमोर कुठलाही पतंग मोठा नाही, मिशा कितीही झावळीसारख्या असोत. पण त्यासाठी दोघं एकाच खोलीत कशाला?

हे मी काकाजींना म्हटलं. म्हणजे त्यांच्याशी घोळत घोळत, आमच्यात मोठ्यांना सरळ सांगत नाहीत. गोठ्याची भिंत कुडाची आहे, हवा खेळते, गाय तर दोन वर्षांपूर्वीच विकली. माळा तिकडे टांगल्या तर?

"तिकडं मुंग्या लागतेत."

"खालून राखेची रेघ मारू."

"पाली हायेत."

"त्या घरातही आहेतच की काकाजी."

बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुले काहून एवढी पडली?" मला उत्तर सुचेना. वहिनींनी तोवर गोठा झाडायला घेतलाही होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून माळा हलवल्या. हळू, एकेक, कारण कुठल्याही कोषातून कुठल्याही क्षणी ओलं पाखरू बाहेर यायचं. रात्री गोठ्याच्या दाराशी खाट टाकून, मच्छरदाणी लावून मी आणि मित्र झोपलो. बारा-एकच्या सुमारास जाग आली तर आत फडफड चाललेली. बॅटरी लावू दिली नाही मित्राने. पहाटे काकाजी आले आणि जोड्या मोजायला लागले. जोडी सुटली की मादीचे पंख कापून तिला अंडी घालायला पानाच्या द्रोणात ठेवायचं असतं.

माझी नागपूरची गाडी सकाळी होती. निघताना काकाजींनी विचारलं, "बाबू, ते तू काल सांगत होता ते. डोक्यावरचं ते नराचं. ते तुटलं तर त्याले मादी सापडत नाही म्हणतोस?"

"हाव."

"मंग पोट्ट्यायले सांगतो," ते म्हणाले, "नर पकडाचा तर पंखाले पकडा म्हणून. हे लोक मुंडकं धरते."